अकराच्या ठिकाणची फट

डोक्यावर चढवून डोळ्याचा पडदा तपासायचं आणि त्यावर लेझर द्यायचं यंत्र आमच्या दवाखान्यात एकच, आणि डोकी दोन. मोठ्या डॉक्टरांचं कलिंगडाएवढं, माझं लिंबाएवढं. ते गेले की पट्टा ढिला. मी आवळावा, तर मागची चकती दोन मिनिटांत फिरते आणि दिवा घसरून माझ्या नाकावर येतो. ही रोजचीच कटकट. पण आज मात्र ते यंत्र भिंतीवर आपटावंसं वाटत होतं, कारण टेबलावर मामा झोपला होता.

मामा शिंपी. उजवा डोळा चार वर्षांपूर्वीच गेला, आता सगळा संसार डाव्यावर. काल त्याच डोळ्याच्या पडद्याला मला फट दिसली होती. जागा आम्ही घड्याळाच्या आकड्यांवर मांडतो, आणि माझ्या कागदावर ती अकराला होती. आज लेझरचे डाग देऊन तिला कुंपण घालायचं, नाहीतर पडदा सुटणार.

आणि अकराला काहीच नव्हतं.

"हलू नकोस रे!" मी खेकसले.

"मी कुठे हलतोय? तुझाच दिवा नाचतोय."

"पट्टाच धड नाही, तर मी काय करू?"

"नाचता येईना, अंगण वाकडं," मामा म्हणाला.

एरवी हसले असते. आता कानशिलं तापली. दहा शोधलं, बारा शोधलं. घामाने भिंग बोटांतून निसटायला लागलं. मोठ्या डॉक्टरांच्या डोक्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या.

"सावली वरून उतरतेय गं," मामा पुटपुटला. "कालही सांगितलं होतं."

काल मी म्हणाले होते, "मामा, तू बाह्या बघ, डोळे मी बघते."

माझा हात थांबला. पडद्यावर चित्र उलटं पडतं; सावली वरून, म्हणजे बिघाड खाली. हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

या यंत्रातून सगळं उलटं दिसतं, वरचं खाली आणि डावं उजवीकडे. म्हणून आडव्या झोपलेल्या माणसाच्या छातीवर कागद उलटा ठेवायचा आणि दिसेल तसं काढायचं. कागद सरळ केला की सगळं जागच्या जागी येतं. काल मामाची पाठ धरली होती, म्हणून त्याला खुर्चीतच तपासलं. कागद मी माझ्या मांडीवर घेतला. सरळ.

अकराच्या बरोबर समोर, पाचला पाहिलं. फट तिथेच होती. तिच्या कडेने पडद्याखाली शिरलेलं पाणी कालच्यापेक्षा पसरलं होतं. दात-ओठ खात मी डागांच्या तीन रांगा दिल्या. पट्टा दोनदा घसरला, पण आता त्याच्यावर चिडायचं तोंड मला नव्हतं.

मामा उठून बसला. लेझरच्या उजेडाने डोळा दिपलेला, त्यामुळे काही दिसत नव्हतं. त्याने चाचपडत माझा हात धरला.

"झालं का गं? यंत्र बिघडलंय का तुमचं?"

"हो" म्हणणं किती सोपं होतं.

"यंत्र ठीक आहे, मामा. काल मी कागद चुकीचा धरला. फट खाली होती, मी वर काढली."

"डोळा राहील ना?"

"पंधरा दिवसांनी कळेल. तुझी सावली मनावर घेऊन कालच डाग दिले असते, तर नक्की राहिला असता."

 त्याने माझा हात सोडला नाही.

"म्हणजे काल मी बरोबर सांगत होतो."

"हो."

"मग ऐकलं का नाहीस?"