सपनाची ताटली

दुपारी दोनच्या सुमाराला घर अगदी गप्प झालं. फ्रिजची घरघरसुद्धा थांबली. आणि तेवढ्यात कुणीतरी चमच्याने वाटीचा तळ खरवडल्याचा आवाज आला. खर्र, खर्र. शेवटचा घास गोळा करावा तसा.

स्वरदा हॉलमध्ये प्रांजलला थोपटत बसली होती. तिला वाटलं, नंदू मिस्त्री आत डबा खातोय. मग आठवलं, नंदू तर माणसं घेऊन नाक्यावर वडापाव खायला गेलाय. ती जेवणघरात डोकावली. उखडलेल्या लाद्या, सिमेंटच्या गोण्या, अर्धी सोललेली भिंत. माणूस नव्हता, वाटीही नव्हती.

मुलुंडचं हे बैठं घर नवऱ्याला, मिहिरला, त्याच्या मालनआत्याकडून मिळालेलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. निदान मिहिरला तरी तसंच ठाऊक होतं. राहायला आल्यावर स्वरदाने हट्टाने पहिलं काम जेवणघराचं काढलं, कारण चार वर्षांची प्रांजल जेवत नव्हती. नखरे म्हणावेत तर तसंही नाही. ताट दिसलं की पोर दात असे आवळायची की चमचा आत शिरायचा नाही. वजन साडेअकरा किलो. हातातली बांगडी सरकून कोपरापर्यंत जायची. "आणखी उतरलं तर अ‍ॅडमिट करून नळीने द्यावं लागेल," डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. स्वरदाच्या मनाने घेतलं, खोलीच कोंदट आहे, तिथे कुणाला भूक लागणार? खिडकी मोठी करू, पिवळा रंग देऊ, टेबल आणू, मग खाईल. बुडत्याला काडी, तसा तिला तो पिवळा रंग.

नंदू आला तो भिंतीवर टिचक्या मारतच. "मॅडम, पोकळ आहे ही. खजिना निघाला तर फिफ्टी-फिफ्टी हां!"

दोन घावांत प्लास्टर ढासळलं. आत फडताळ होतं, विटांनी बुजवलेलं. त्यात एक छोटी स्टीलची ताटली, एक वाटी, एक चमचा. नंदूचं हसू मावळलं.

"लहान पोराची भांडी आहेत ही. भिंतीत कोण ठेवतं, सांगा? वाहत्या पाण्यात सोडा. घरात नको."

"अहो, जाड स्टील आहे चांगलं," स्वरदा म्हणाली आणि साबण लावून तिन्ही घासून काढली. ताटलीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. चि. सपना, पहिल्या वाढदिवसानिमित्त, ४-२-७१.

"सपना कोण रे?" तिने संध्याकाळी विचारलं.

"काय माहीत," मिहिर म्हणाला. "आत्याने भंगारातून आणली असेल. ती काहीही जमवायची."

महिन्याभराने जेवणघर तयार झालं. पिवळ्या भिंती, मोठी खिडकी, चार खुर्च्यांचं टेबल. रविवारी स्वरदाने पहिल्यांदा पानं मांडली आणि थबकली. तीन ताटं. कधीमधी देवगडहून येणाऱ्या सासूबाई बाकी काही विसरतील, पण एक नियम नाही. तीन पोळ्या वाढायच्या नाहीत, तीन पानं मांडायची नाहीत, तीन पितरांची.

"अगं, आपण आहोतच तीन," मिहिर म्हणाला. "चौथा कुठून आणू? शेजारून मागून आणू?"

"गप रे. ताट नुसतं ठेवायचं असतं."

बाकीची भांडी अजून खोक्यात होती. हाताशी आली ती छोटी ताटली. रिकामं पान मांडू नये म्हणून तिने त्यावर मूद ठेवली, वरण घातलं, तुपाची धार सोडली आणि ती चौथ्या खुर्चीसमोर ठेवली.

त्या दिवशी प्रांजल जेवली. सगळं जेवली. स्वरदा पुढे केलेला चमचा हातातच धरून बघत राहिली. पोरगी मान वळवून, चौथ्या खुर्चीकडे तोंड उघडून बसलेली. उघडायची, मिटायची, चावायची. मिहिर म्हणाला, "झकास! टेबल पावलं बघ."

मग ती ताटली रोजच मांडली जाऊ लागली. डॉक्टरांचा काटा बारा किलो चारशेवर गेला. प्रांजलच्या गालावर वर्षभरात पहिल्यांदा खळी पडली, आणि त्या खळीसाठी स्वरदाने बरंच काही न पाहिल्यासारखं केलं. प्रांजलच्या ताटातला भात तसाच राहायचा. कमी व्हायचा तो समोरच्या ताटलीतला. आणि जेवताना पोर पुटपुटायची, "हा घास पोपटाचा, हा नव्या फ्रॉकचा." घरात कुणीच तिला हे शिकवलं नव्हतं.

एके दिवशी शेजारच्या शांताबाई शिरवाळ्यांचा, तांदळाच्या शेवयांचा, डबा घेऊन आल्या. ऐंशीच्या बाई, आत्याच्या मैत्रीण. टेबलावरची ती ताटली बघून त्यांच्या हातातला डबा कलंडला.

"अगो बाय माझे! ही खंय गावली तुका?"

मग पाणी पिऊन त्यांनी सांगितलं. सपना मालनची मुलगी. चार वर्षांची झाली आणि तिने खाणं टाकलं. डॉक्टर झाले, नवस झाले. मालन दिवसदिवस घास धरून बसायची. पोर तोंड उघडेना. गेली. मालनने स्वतःच्या हाताने ते फडताळ बुजवलं, आणि पुन्हा कधी या खोलीत जेवली नाही.

"शेवटपर्यंत एकच बोलायची," शांताबाई म्हणाल्या. "'एकदा तोंड उघडलं असतं गं, मी भरवलं असतं.' स्वरदा, ती ताटली मांडू नको. तीन तर तीन."

स्वरदाने ती फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.

पहिल्या दिवशी प्रांजलने दात आवळले. दुसऱ्या दिवशी दूधही परतवलं. स्वरदाने गोष्टी सांगितल्या, मोबाइल दिला, हात जोडले, एकदा चापटही मारली आणि मग तिच्याआधी स्वतःच रडली. मिहिर ऑफिसातून फोन करकरून विचारायचा, "खाल्लं का गं काही?" तिसऱ्या दिवशी दुपारी प्रांजल खुर्चीवर बसल्याबसल्या एका बाजूला कलली. ओठ कोरडे पडलेले. स्वरदाने तिला उचललं, तर पोर कापसासारखी हलकी लागली.

तिने प्रांजलला कडेवर घेतलं आणि एका हाताने स्टूल ओढलं. ताटली काढली, धुतली. मऊ भात कालवला, मीठ बघितलं, तूप घातलं. प्रांजलला तिच्या खुर्चीत बसवलं आणि चौथी खुर्ची थोडी मागे सरकवली, एखाद्याला बसायला जागा करतात तशी. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ती म्हणाली,

"आत्या, भरवा तिला."

प्रांजलने मान वळवली. तोंड उघडलं. मिटलं. हळूहळू चावू लागली. स्वरदा भिंतीला पाठ लावून उभी होती. लेकीच्या गळ्याखाली घास उतरताना दिसत होता, आणि तिला हुंदका येत होता तो सुटकेचा की कशाचा, तिचं तिलाच कळत नव्हतं. ताटली पार स्वच्छ झाली. प्रांजलच्या हनुवटीवर एक शीत होतं. स्वरदाने पुसायला हात पुढे केला, पण त्याआधीच ते पुसलं गेलं.

प्रांजल गोड हसली. आधी खुर्चीकडे बघून, मग स्वरदाकडे. नव्या पाहुण्याकडे बघावं तशी निरखत तिने विचारलं,

"जी भरवते ती आई असते ना? मग तू कोण?"