पहिला सूर्य आणि दातांचा डॉक्टर

प्रेबेन वर्षातून एकदा डेन्मार्कहून ध्रुवाजवळच्या त्या बर्फाळ गावात यायचा तो लोकांचे दात उपटायला, पण ऐट अशी, की जणू उत्तर ध्रुवानंच त्याला फोटो काढायला बोलावणं धाडलंय. गेल्या वर्षी त्यानं गावाला एक भलामोठा फोटो भेट दिला. त्यात गावच नव्हतं. घरं, कुत्री, वाळत टांगलेले मासे, सगळं त्यानं शिताफीनं चौकटीबाहेर ठेवलं होतं आणि बर्फाला असा जांभळा रंग फासला होता, की मिटेकमामानं अगदी भाबडेपणानं विचारलं, "हे नॉर्वेतलं का?"

आज तोच प्रेबेन टेकडीच्या टोकावर कॅमेऱ्याची तिपाई रोवून बजावत होता, की पुढे कुणी उभं राहायचं नाही.

"फक्त दोन मिनिटं. मला मोकळं क्षितिज हवंय. बघा, प्रकाश बदलतोय."

प्रकाश बदलतोय म्हणे. अख्खा हिवाळा अंधारात काढलेल्या माणसांना हा शिकवणार. नोव्हेंबरात गेलेला सूर्य आज परतणार होता, डोंगरांच्या फटीतून घडीभर डोकावून लगेच बुडणार होता. हातमोजे काढून त्याला उघडे हात दाखवायचे. जो दाखवेल तो पुढच्या वर्षीचा सूर्य बघेल, असं गाव मानतं. सोळा वर्षांची तुकुम्मेक एरवी यावर हसली असती, ती बऱ्याच गोष्टींवर हसायची. पण आई नुकतीच शहरातल्या इस्पितळातून परतली होती, चालायचं त्राण नव्हतं, आणि आल्यापासून एकच मागत होती. "मला वर ने. हात दाखवायचेत."

म्हणून तुकुम्मेकनं आणि मामानं तिला बर्फावरून घसरणाऱ्या स्लेजगाडीवर बसवून वर ओढत आणलं होतं. आणि आता आईला दिसत काय होतं, तर पुढच्यांच्या जाकिटांच्या पाठी.

"मामा, पुढे घेऊ या."

मिटेकमामाचा गाल पावासारखा फुगला होता. "थांब ना पोरी. दोनच मिनिटं म्हणतोय तो."

"आणि सूर्य किती मिनिटं आहे?"

"उद्या माझी दाढ त्याच्या हातात आहे गं," मामा कुजबुजला.

सगळ्या गावाची हीच गत. वालरसवर चाल करून जाणारे बाप्ये एका चिमट्याला भिऊन क्षितिज मोकळं सोडून उभे होते. तुकुम्मेकचे दात ठणठणीत होते. तिनं स्लेजची दोरी खांद्यावर घेतली.

"ए मुली, चौकटीत येतेयस तू," प्रेबेन ओरडला.

"हो," ती डॅनिशमध्येच म्हणाली आणि ओढत राहिली.

ती थेट त्याच्या भिंगापुढे जाऊन थांबली, तेव्हा फटीत केशरी रेघ उमटली, फुगली, आणि सूर्य आला. आईनं दातांनी मोजे ओढून काढले. सुयांनी काळेनिळे पडलेले, काटक्यांसारखे हात तिनं वर केले आणि बोटांच्या कडा लाल उजळल्या. मागे एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले, दाढ विसरून मामाचेही. प्रेबेनचे तेवढे मोज्यांसकट कॅमेऱ्याला चिकटलेले होते.

सूर्य बुडाला. प्रेबेननं कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं खुपसलं, आणि मग हरखून पुढे धावला.

"अप्रतिम. ते हात. आईला पुन्हा वर करायला सांग ना. थोडे डावीकडे."

"सूर्य गेला."

"तो मी नंतर कॉम्प्युटरवर घालीन."

हसावं की थुंकावं, तुकुम्मेकला कळेना.

"काय म्हणतोय दातवाला?" आईनं विचारलं. तुकुम्मेकनं सांगितलं. आईनं सावकाश मोजे चढवले आणि प्रेबेनकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "त्याला म्हणावं, सूर्य उद्याही येणार आहे. येताना स्वतःचे हात घेऊन ये."

शाळेतल्या बाईंनी पाठ थोपटावी इतक्या स्वच्छ डॅनिशमध्ये तुकुम्मेकनं ते ऐकवलं. प्रेबेननं गंभीरपणे मान डोलावली. "उद्या. हं. पण उद्या प्रकाश असा असेल का?"

"आई, ह्याला काही म्हणजे काही कळलेलं नाही."

"नसू दे. चल घरी, भूक लागलीय. सीलचं सूप उरलंय का?"

इस्पितळातून आल्यापासून आई खायला मागत नव्हती. तुकुम्मेकनं दोरीला असा हिसका दिला, की प्रेबेनला तिपाई छातीशी कवटाळून बाजूला उडी मारावी लागली.