मुंगीचं वजन

शयनगृहात सोळा पलंग होते, सोळा कपाटं, आठ खिडक्या आणि चपलांचे पंधरा जोड. सोळावा जोड लेकीच्या, मुंगीच्या पायात होता. आईने सगळं दोनदा मोजलं. मोजण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ती लेकीच्या पलंगाखाली वाकली. तीन दिवसांपूर्वी बॅगेत दडवून दिलेले खाऊचे सहा डबे तिथे पडले होते. सगळे रिकामे.

"बघ, खाल्लं ना!" नवरा म्हणाला.

"मी नाही, सगळ्यांनी," मुंगी म्हणाली. "पहिल्याच रात्री फस्त."

आईने कपाळाला हात लावला.

गावाबाहेरच्या या शाळेत मुंगीला घालायचं, यावर घरात एकमत होतं. भांडण होतं ते तिने इथे राहायचं की रोज बसने ये-जा करायची, यावर. नवरा म्हणे, राहू दे, बसमध्येच निम्मा जीव जाईल तिचा. आई म्हणे, जी पोर भरवल्याशिवाय चार घास गिळत नाही, ती इथे वाळून काडी होईल. सासूबाई फोनवर दोघांनाही वेगवेगळं "तुझंच बरोबर आहे" सांगून मोकळ्या होत. शेवटी वैतागून आईनेच अट घातली: तीन दिवस राहून बघू दे. वजन घटलं तर रोज घरी, नाही घटलं तर इथेच. दूध तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला, तीन दिवसांच्या वजनावरून काही ठरत नसतं, हे कळायला हवं होतं. कळत होतंही. पण शब्द तोंडातून गेला होता.

वसतिगृहाच्या बाई त्यांना कोठीघरात घेऊन गेल्या. धान्याचा काटा तिथे होता.

"चपला काढ. स्वेटर काढ. खिसे रिकामे कर," आई म्हणाली. "पाणी प्यायलीस?"

"दोन पेले."

"म्हणजे चारशे ग्रॅम वजा."

"नखंही वजा कर ना," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस. दुधात पाणी असलं तर आम्ही सोडतो का?"

"अगं, पोर आहे ती, दुधाचा कॅन नाही!"

"आधी बाथरूमला जाऊन ये," आईने मुंगीला पिटाळलं आणि बाईंकडे वळली. "हिला भरवतं कोण?"

"कुणीच नाही. आमच्याकडे प्रत्येक मूल शेजारच्याचं ताट वाढतं. आपलं आपण घ्यायचं नाही."

मुंगी धावत परतली. "मी वाढलेलं माझ्या शेजारची सगळं संपवते, आई. मग तिने वाढलेलं मी कसं टाकू? तिला वाईट वाटतं."

"आणि मी वाढते ते? मला वाटत नाही वाईट?"

मुंगीने जरा विचार केला. "तू ओरडतेस."

नवरा घाईघाईने छताकडे बघू लागला. बाईंना अचानक पोत्यांची तोंडं बांधायची आठवण झाली.

"चढ वर," आई म्हणाली. "हलू नकोस. भिंतीला हात लावू नकोस. आणि हसू नकोस, काटा हलतो."

तीन दिवसांपूर्वी याच काट्यावर मुंगी चोवीस किलो तीनशे भरली होती. काटा थरथरला, पुढे गेला, जरा मागे आला. आई डोळे बारीक करून अगदी समोर वाकली. तिरकं पाहिलं की आकडा चुकतो.

चोवीस किलो साडेआठशे ग्रॅम. पाण्याचे चारशे वजा करूनही दीडशे जास्त.