अमृतप्पांची पन्नासची लेन्स

जुनी लेन्स बघताना माझ्याइतका खुसपटं काढणारा माणूस बीदर जिल्ह्यात सापडायचा नाही. दुबलगुंडीच्या नागरत्नाक्कांनी आपल्या मागच्या साली वारलेल्या नवऱ्याची, अमृतप्पांची, पन्नास एमएमची लेन्स हातात ठेवली, तेव्हा मी आधी ती उजेडाकडे धरून बुरशी शोधली. नव्हती. आतल्या पात्यांना तेल सुटलं नव्हतं, फोकसची रिंग लोण्यातून फिरावी तशी फिरत होती. चाळीस वर्षांच्या लेन्सचं इतकं धडधाकट असणं मला आवडलं नाही.

खरं तर त्या दिवशी कशातच मन नव्हतं. चैत्राला, माझ्या बायकोला, कलबुर्गीच्या दवाखान्यात भरती करायला निघालो होतो. दुसऱ्या दिवशी तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन होतं. वाटेत लेन्स बघून घ्या, असं तीच म्हणाली. रस्ताभर माझं पडलेलं तोंड बघून ती कंटाळली होती.

अमृतप्पा आमच्या भागात शेवटचा फोटो काढायचे. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की त्याला बसवतात, विभूती लावतात, हार घालतात आणि भोवती बसून घरचे फोटो काढून घेतात. डोळे अर्थातच मिटलेले. मग तो फोटो स्टुडिओत येतो, 'डोळे उघडून द्या' म्हणून. मैलूरच्या माझ्या स्टुडिओत हे काम बारा महिने चालतं. कॉम्प्युटरवर मी कुणाचेही डोळे कुणालाही बसवतो. एका आजोबांना त्यांच्या मेव्हण्याचे बसवले, अजून कुणाला पत्ता नाही.

अमृतप्पांच्या भिंतीवरच्या मेलेल्यांचे डोळे मात्र आपसूक उघडे होते. मी नाक लावून बघितलं. रंगवलेलं, चिकटवलेलं काही नव्हतं. त्यांच्या बुबुळांत समोरची खिडकीसुद्धा उमटली होती.

माझं डोकं फिरलं. मला न कळणारी गोष्ट कुणी भिंतीवर टांगली की मला रागच येतो. लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर चढवली आणि नागरत्नाक्कांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून फोटो काढला. डोळे मिटलेले. दुसरा काढला, तसाच. पापणी लवली असेल म्हटलं आणि कॅमेरा उलटा धरून स्वतःचा काढला. स्क्रीनवर मीही डोळे मिटून गप्प बसलो होतो.

"जित्या माणसाचं आसंच येतंय बघा," अक्का म्हणाल्या. "म्हनून ह्यांनी मला कवा हिच्याफुडं बसवलं न्हाई."

तेवढ्यात चैत्रा परसातून तोंड धुऊन आली आणि दमून त्याच खुर्चीत टेकली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझाही काढा म्हणाली, आणि मी काढला. डोळे टपोरे, उघडे. मला इतकं हायसं वाटलं की मी कॅमेरा अक्कांपुढं नाचवला आणि हे सगळं तुमच्या मनाचे खेळ आहेत म्हणून त्यांना सुनावलं. अक्कांनी फोटो बघितला, चैत्राकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला.

मी घाबरलो. आणखी एक काढला. उघडे. खुर्ची वळवून काढला. उघडेच.

"कामून एवढे काढायलात?" चैत्रा हसली. "उद्या कुठं पळून जायलेय का मी?"

"डोळे झाक," मी म्हणालो. "गच्च झाक."

तिनं लहान पोरीसारखे गच्च झाकले, पार नाकाला सुरकुत्या पडेपर्यंत. मी बटण दाबलं आणि स्क्रीनवर बघितलं. नाकाच्या सुरकुत्या तशाच आल्या होत्या, आणि त्यांच्या वर चैत्रा सताड उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती.

"कसा आलाय?" तिनं विचारलं. समोर खुर्चीत तिनं डोळे अजून मिटलेलेच ठेवले होते.

"चांगला आलाय," मी म्हणालो. "आता उघड की."