होडीचे बूट आणि फ्लॉवरचा गड्डा

सभागृहात दोनशे खुर्च्या होत्या आणि पाचशे माणसं. म्हणजे तीनशे माणसं आपापल्या पायांवर उभी होती. आणि पाय कसे वापरायचे हे त्यांना आजवर कुणी शिकवलंच नाही, असं व्यासपीठावरचा माणूस सांगत होता. अंगात पांढरा सूट, गालाला चिकटलेला माईक आणि पायांत विचित्र बूट. त्यांचा तळ होडीसारखा होता: पुढे उचललेला, मागे उचललेला, मध्ये फुगीर. या माणसाला सगळे चालगुरू म्हणत. हे नाव त्याने स्वतःच ठेवलं होतं, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती.

"सपाट तळ हा माणसाचा शत्रू!" चालगुरू गरजला. "या बुटांत नुसतं उभं राहा, मांड्या व्यायाम करतात. चाला, गुडघे तरुण होतात, साखर उतरते, पोट आत जातं. बसा, तरी काम चालूच!"

"आणि झोपल्यावर?" मागून कुणीतरी विचारलं.

"झोपताना काढून ठेवा. त्यांनाही विश्रांती लागते."

टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेत एक जण आपल्या बाबांचा दंड धरून बसला होता. चौकात त्याचं बूट दुरुस्तीचं दुकान होतं. बाबा चौतीस वर्षं पोस्टमन. साखरेच्या आजाराने त्यांच्या तळव्यांची जाणीव गेली होती. पायाखाली फरशी आहे की गादी, हे त्यांना खाली बघूनच कळायचं. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती. घरापासून वळणावरच्या बाकापर्यंत, दोनशे बारा पावलं, कुणाचा हात न धरता जायचं. तिथे त्यांचे दोन सोबती रोज सकाळी बसत आणि रुमाल टाकून त्यांची जागा राखून ठेवत.

मुलाने त्यांच्यासाठी रुंद, सपाट तळाचे, टाच घट्ट धरणारे बूट शिवले होते. ते दोन विटांसारखे दिसत, हे तोही नाकारत नव्हता. बाबांनी ते एकदाही घातले नाहीत. "तुझे बूट घातले की मी आजारी दिसतो," म्हणाले.

"कुणी येतंय का वर?" चालगुरूने विचारलं आणि बाबांनी हात वर केला.

आधी साध्या चपलांत परीक्षा. बाबांनी हात बाजूला ताठ धरला. चालगुरूने बोलता बोलता दोन बोटांनी तो दाबला, आणि बाबा कलंडले. मदतनिसांनी झेलले. मग होडीचे बूट चढवले. "आता घट्ट धरा हं, काका!" चालगुरूने दोन्ही पंजे टेकवून जोर लावला. कपाळावर घाम आणला. हात तसूभर हलला नाही.

बाबा माईकमध्ये म्हणाले, "मला जमीन लागली."

सभागृह उभं राहिलं. मुलगाही उभा राहिला, त्यानेही टाळ्या वाजवल्या. शंका त्याला होती. पण बाप इतक्या वर्षांनी असा हसत असताना शंका काढायला काळीज दगडाचं लागतं, आणि त्याच्या दुकानात चामडं, रबर, खिळे सगळं होतं, दगड नव्हता.

होडीचे बूट घेऊन घरी आले आणि नवव्या दिवशी बाबा भिंतींना हात लावत लावत बाकापर्यंत पोचले. सोबत्यांनी रुमाल उचलला. चौदाव्या दिवशी, एकशे चाळिसाव्या पावलाला, टाच मागे लोळली. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात पायांच्या डॉक्टरीणबाईंनी बूट उलटा करून पाहिला. "असे बूट मीसुद्धा देते," त्या म्हणाल्या.

"तुम्हीसुद्धा?"

"अंगठ्याचा सांधा आखडला असेल, चवड्याखाली दुखत असेल, तर हा तळ पाऊल पुढे लोळवतो. चवड्यावरचा भार कमी होतो. पण माप घेऊन, तोल तपासून देते. मांड्या घडवणं, साखर उतरवणं, ते सगळं नुसतं बोलण्यापुरतं. आणि ज्याला पायाखालची जमीनच कळत नाही, त्याला न तपासता होडीत उभं करायचं नसतं."

"पोटऱ्या दुखतात म्हणजे व्यायाम होतो, असं तो म्हणतो."

"ओल्या फरशीवर जपून चालून बघा. पोटऱ्या तिथेही दुखतील."

हे सगळं खाटेवरून बाबांनी ऐकलं. डॉक्टरीणबाई गेल्यावर म्हणाले, "बूट चांगले होते रे. मीच कमी पडलो. त्या दिवशी माझा हात हलला नव्हता. तू बघितलंस ना?"

बघितलं होतं. त्याने बाबांचं पांघरूण सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात एका टाचेतला खिळा पकडीने उपटत होता. हात पकडीच्या तोंडाजवळ, खिळा हलेना. सवयीने हात दांड्याच्या टोकाला सरकला आणि खिळा सुटून आला. तो तसाच बसून राहिला. टोकाला थोडा जोर पुरतो, तोंडाजवळ कितीही लावा, पुरत नाही. चालगुरूने आधी बाबांचं मनगट दाबलं होतं, न सांगता. नंतर हात दाबला तो कोपराच्या वर, खांद्याकडे. तोही "घट्ट धरा" असं बजावून.

तो दुकान उघडं टाकून इस्पितळात गेला. "बाबा, हात ताठ करा." मनगटावर दोन बोटं, हात खाली. कोपराच्या वर पूर्ण पंजा, हात जागच्या जागी. पायांत बूट नव्हते. एक पाय तर वजन बांधून ताणून ठेवला होता.

"परत कर," बाबा म्हणाले. त्याने चार वेळा केलं.

"मग मला जमीन लागली होती, ते काय?"

"ते तुम्हाला हवं होतं, बाबा."

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिकडेच बघत विचारलं, "तिथे माझ्यासारखे किती होते?"

"बरेच."

"मग इथे काय बसलायस? जा. पोचव."

पुढच्या सभेत चालगुरूने "कुणी येतंय का वर?" विचारताच तो व्यासपीठावर चढला. पहिल्या रांगेतल्या काकूंच्या पिशवीतून फ्लॉवरचा एक गड्डा मागून घेतला आणि एका धडधाकट गृहस्थांना पुढे बोलावलं. गड्ड्याशिवाय, मनगट: हात खाली. मग गड्डा दुसऱ्या हातात देऊन, कोपर: हात ताठ. सभागृहातून 'अहाहा' निघालं.

"फ्लॉवर कुठल्या दुकानातला?" एकाने विचारलं.

"कच्चाच धरायचा की उकडून?" दुसऱ्याने.

तिसरा तर काकूंची पिशवी तपासायला निघाला. मुलाला रडू फुटायचं बाकी राहिलं. "अहो, गड्ड्यात काही नाही!" त्याने उलट करून दाखवलं. हातात गड्डा, पण दाबलं मनगट: हात खाली. गड्डा नाही, दाबलं कोपर: हात ताठ. "आता शेजाऱ्याचा हात दाबून बघा."

पाचशे माणसं एकमेकांचे हात दाबू लागली. "अय्या, खरंच की!" असे आवाज उठले.

"संशयाने ऊर्जा पळते!" चालगुरू ओरडला.

"माझ्या बाबांनी संशय घेतला नव्हता. त्यांचं हाड का मोडलं?"

दाबणारे हात थांबले. मग एक शिंपीणबाई उठल्या. "पण माझ्या आखडलेल्या अंगठ्याला या बुटांनी खरंच आराम पडलाय. ते खोटं का?"

"नाही, मावशी. तेवढं खरं आहे. डॉक्टरांना दाखवून खुशाल घाला. खोटं आहे ते बाकीचं."

एवढ्यात चालगुरू मागच्या जिन्याने निघाला. पायऱ्या उतरण्याआधी त्याने बूट काढून काखेत मारले आणि मोज्यांवर, कठडा धरून, जपून उतरला. तोल कशाने जातो हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

बाबा बाकापर्यंत पुन्हा गेले नाहीत. आयुष्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मुलाचे ते विटांसारखे बूट मागितले. त्याने खाटेवरच त्यांच्या पायांत घातले, नाड्या बांधल्या.

"आजारी दिसतोय का?"

"नाही बाबा. कामावर निघालेले दिसताय."

ते बूट आता दुकानाच्या काचेत असतात. आजवर हजारो झिजलेले तळ त्याने बदलले. हा एकच तळ कोरा आहे. येणारे विचारतात, याने काय बरं होतं? तो म्हणतो, काही नाही. मग शेजारच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवतो. त्यावर लिहिलंय:

"कुणी चमत्कार दाखवायला आला तर टाळ्या मागाहून वाजवा. आधी त्याचा हात कुठे आहे ते बघा. आणि तुम्हाला शंका आली असेल, तर तुमचा माणूस हसत असला तरी ती त्याला बोलून दाखवा. मी बोललो नाही."