बाकावरचं रडणं

"अमेरिकन सिनेमाच्या इतिहासात इतकं सुंदर आजवर कुणीही रडलेलं नाही," डेलिया प्रुइटने जाहीर केलं आणि पडद्यावर रडणाऱ्या डेलिया प्रुइटवरची नजर न हलवता खारा पिस्ता सोलून तोंडात टाकला.

"अगदी खरंय," ऑगी म्हणाला. "काढून टाकूया."

ऑगी लिंडक्विस्ट तिचा संकलक. बरबँकमधल्या या बिनखिडक्यांच्या खोलीत बसून दोघांनी मिळून तिचे कितीतरी सिनेमे कापले होते. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तितक्याच मायेने ऑगी लोकांची आयुष्यभराची स्वप्नं काढून टाकत असे.

"परत लाव," डेलिया म्हणाली.

ऑगीने परत लावलं. नुकतीच विधवा झालेली एक बाई बसथांब्याच्या बाकावर येऊन बसते. शेजारी एक अनोळखी म्हातारा बसलेला असतो. बस येईपर्यंत बाई रडते. बस लवकर येत नाही.

डेलियाने तीस वर्षं देशाला हसवलं होतं, आणि तेही मुख्यतः पाण्यात पडून. तिच्या पहिल्या गाजलेल्या सिनेमात ती लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात कारंज्यात पडली. ते लोकांना एवढं आवडलं, की त्यानंतर तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पटकथेत कुठे ना कुठे पाणी असायचंच. कधी तळं, कधी पोहण्याचा हौद, एकदा तर घोड्यांना पाणी पाजायचं टाकं. शेवटी तिने स्वतःची निर्मितीसंस्था काढली आणि तिला नाव दिलं 'ड्राय शूज'. कोरडे बूट. लोकांना तो विनोद वाटला. डेलियाची ती प्रतिज्ञा होती.

या सिनेमात पाण्याचा थेंब नव्हता. होते ते अश्रू, आणि तेही ग्लिसरीन न घालता आणलेले. आता तरी लोक आपल्याला नटी म्हणतील, असं तिला वाटत होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणजे ऑगी सोडून सगळ्यांना सांगितलं होतं.

"पासाडेनाला शनिवारी चाचणीचा खेळ झाला, तेव्हा तू शेवटच्या रांगेत होतीस ना?" ऑगीने विचारलं.

"होते."

"मग?"

डेलियाने पुढचा पिस्ता सोलला. त्या शनिवारी ती टोपी डोळ्यांवर ओढून बसली होती आणि तिने सगळं पाहिलं होतं. सिनेमाभर लोक खुर्चीला खिळले होते. बाकावरचं रडणं सुरू झालं तशी एकेक सावली उठून बाहेर जाऊ लागली. पुढच्या रांगेतली बाई पायाने आपला बूट शोधत राहिली. बस आली तेव्हा कुठे तिला तो सापडला.

"आता हे बघ," ऑगी म्हणाला.

पडद्यावर सकाळ झाली. विधवेने सवयीने फळीवरून कॉफीचे दोन कप काढले. एक हातात धरून ती जराशी थांबली आणि तो तिने परत जागेवर ठेवला. पुढच्याच क्षणी ती बसमध्ये खिडकीशी बसली होती. बाक नाही, म्हातारा नाही, रडणं नाही.

डेलिया टेबलावर पसरलेली पिस्त्यांची टरफलं एकेक करून कागदी पेल्यात टाकू लागली. शेवटचं टरफल टाकून झाल्यावर तिने पेला दूर सारला.

"तू फार नीच माणूस आहेस, ऑगी."

"म्हणजे काढू?"

"काढ."

"मग फोन कर. नियम तुझाच आहे."

नियम तिचाच होता. हॉलिवूडमध्ये ज्याचं काम कापलं जातं त्याला ते बहुधा थिएटरच्या अंधारात कळतं. डेलियालाही तसंच कळलं होतं. तिच्या पहिल्यावहिल्या सिनेमात ती नर्स होती, आणि तिच्या तोंडी एक अख्खं वाक्य होतं. आर्कान्सामधल्या गावात वडिलांनी सगळा गोतावळा गोळा करून थिएटरची एक रांग भरवली होती. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी नर्स काही आली नाही. "मक्याच्या लाह्या मात्र छान होत्या," एवढंच वडील म्हणाले होते. म्हणून 'ड्राय शूज'मध्ये ज्याचं काम कापलं जाई त्याला निर्माती त्याच दिवशी स्वतः फोन करत असे.

"स्वतःलाच फोन करू?"

"तुझ्या एजंटला कर. रीत ती रीत."

रोंडा टोबायस तीस वर्षं डेलियाची एजंट होती. पलीकडे कुणी भांडणार आहे असा वास आला, की ती दहा वर्षांनी तरुण होई.

"रोंडा, मी निर्माती म्हणून बोलतेय. तुमच्या नटीचा बाकावरचा सीन आम्ही काढलाय."

रोंडाने घसा साफ केला.

"त्या सीनसाठी माझी नटी आठवडाभर जेवली नाही, बाई. हे ऐकून ती कोलमडून पडेल."

"पडायची तिला सवय आहे."

"तुमच्यासारख्या दगडाच्या काळजाच्या बाईबरोबर पुन्हा काम करू नकोस, असं मी तिला बजावणार आहे."

"बजावा. ती ऐकायची नाही."

"ते मला माहीत नाही होय!" रोंडा म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. "डेली, बरी आहेस ना गं?"

"बरी आहे." डेलियाला स्वतःच्याच आवाजाचं नवल वाटलं. "सिनेमा चांगला झालाय, रोंडा. खरंच चांगला झालाय गं."

तिने फोन ठेवला. ऑगीने एक बोट वर केलं.

"अजून एक. तो म्हातारा. तो फक्त त्याच सीनमध्ये होता."

म्हाताऱ्याचं नाव वेंडेल क्रॅब. पन्नास वर्षं तो सिनेमातल्या बाकांवर, बारमध्ये आणि न्यायालयांत मागे बसत आला होता. आता तो डोंगरापलीकडे, निवृत्त कलावंतांसाठी असलेल्या आश्रमात राहत होता. त्याने फोन उचलला तेव्हा मागे टीव्ही गर्जत होता.

"कोण, डेलियाबाई? बरं झालं तुम्हीच फोन केलात! जरा थांबा हं. ए, तो टीव्ही बंद करा, निर्मातीबाई आहेत! हं, बोला. आम्ही पहिल्या खेळाला येतोय. सगळा मजला येतोय. शेजारच्या खोलीतल्या अगाथाने तर केस करून घ्यायची वेळसुद्धा ठरवलीय. मी म्हटलं, अगं, मी एवढासाच आहे. तर म्हणते, एवढासाच का होईना, आहेस ना!"

डेलियाने फोनवर हात ठेवला. ती ऑगीकडे वळली, आणि त्याने कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच नजर चुकवली.

"माझ्याशिवाय बाक आहे का?" तिने हळूच विचारलं.

"काय?"

"मी येऊन बसायच्या आधीचा. शोध ना!"

ऑगीने शोधलं. रस्त्यापलीकडून घेतलेला लांबचा एक तुकडा होता. त्याने तो कप आणि बस यांच्या मधे लावला. बाईने कप फळीवर ठेवला. मग बाक दिसला. बाकाच्या एका टोकाला म्हातारा बसलेला, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी. मग बस आली.

ऑगीने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. डेलिया त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. तिथे ती पोटतिडकीने रडली होती, आणि तिथे आपण नाही याचं तिला जराही वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत नाही याचं मात्र थोडंसं वाटलं.

तिने फोनवरचा हात काढला.

"वेंडेल, ऐका. माझं रडणं गेलं. तुम्ही राहिलात. एकटेच, मोठ्या पडद्यावर."

"अरेरे, तुमचं गेलं? फार छान रडलात म्हणे तुम्ही."

"तुमच्यामुळेच रडता आलं. मी एवढी रडत होते, आणि तुम्ही मात्र पुतळ्यासारखे बसून होतात. असा सहकलाकार मला तीस वर्षांत मिळाला नाही."

पलीकडे वेंडेल खाकरला. मग त्याने आवाज इतका खाली आणला, की डेलियाला फोन कानाशी दाबून धरावा लागला.

"बाई, त्याचंच जरा बोलायचं होतं. ऊन फार छान पडलं होतं हो त्या दिवशी. शक्य असेल तर, माझे डोळे उघडे असलेला एखादा तुकडा लावाल का?"