दाराएवढा क्वाकू

क्वाकू आयुष्यभर ट्रक चालवत राहिला आणि कॅमेरा दिसला की डोळे मिटत राहिला. दोन्ही एकाच वेळी कधी केलं नाही, ही आमच्या माम्पाँग गावावर देवाची कृपा. पण त्यामुळे तो गेला तेव्हा उघड्या डोळ्यांचा त्याचा एकच फोटो निघाला. एका बारशाच्या जेवणात माझ्याच डिजिटल कॅमेऱ्यावर काढलेला. मागे बसलेला क्वाकू, तोंड भुईमुगाच्या दाण्याएवढं.

"दाराएवढा कर," त्याची थोरली बहीण, मामे पोकुआ, माझ्या फ्लेक्सच्या दुकानात खुर्ची ओढत म्हणाली. "शनिवारी अंत्यविधीच्या मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला पाहिजे."

"मामे, दाणा दाराएवढा ताणला की नुसते चौकोन दिसतात."

"माझा भाऊ चौकोनी नव्हता. कर."

आमच्यात माणूस आईच्या कुळाचा. जिवंतपणी तो बायकोचं ऐको न ऐको, मेला की बहिणीच्या ताब्यात जातो. मांडव कुठे, बँड कुठला, फ्लेक्स कसा, हे सगळं पोकुआनं ठरवायचं. बायको अफियानं काळं नेसून बसायचं.

पोकुआला भाऊ बडा माणूस दिसायला हवा होता. ती सोय माझ्याकडे असते. कॉम्प्युटरमध्ये बिनमुंडक्याचे देह तयार ठेवलेत: वकील, पाद्री, आणि भरजरी केंटे पांघरून बोटाबोटांत सोन्याच्या अंगठ्या घातलेला सरदार. गावातले निम्मे मयत याच सरदाराच्या अंगानं वर गेलेत. तिथे ओळख कशी पटवतात कोण जाणे.

पोकुआनं अर्थातच सरदार पसंत केला. मी क्वाकूचं तोंड ताणलं, चौकोन घोटून घोटून मऊ केले, मानेचा सांधा केंट्यात लपवला आणि मशीन सुरू केलं.

फ्लेक्स वरून खाली हळूहळू उतरतो. आधी कपाळ आलं. मग डोळे आले, चक्क उघडे, आणि पोकुआनं पदर तोंडाला लावला. मग डावा गाल आला आणि तिनं पदर काढला.

गाल टम्म फुगलेला होता. दाण्याएवढ्या तोंडावर तो नुसता सुखवस्तू वाटायचा. दाराएवढ्या तोंडावर त्यात काहीतरी होतं.

"हे काय? दाढ सुजली होती?"

"घास असेल, मामे. जेवतानाचा फोटो आहे."

"फुफूचा मऊ गोळा गालात? फुफू गिळतात रे, चघळत बसत नाहीत. लोक म्हणतील, पोकुआच्या घरात जेवायची रीत नाही. सपाट कर तो गाल आणि नवा काढ."

"नको, मास्टर." दारात अफिया उभी होती. कधी आली, दोघांनाही कळलं नव्हतं. "मामे, फुफू नाही तो. मटण आहे."

पोकुआ वळली. आमच्याकडे मटण शेवटी खातात. आधी रस्सा आणि कुटलेल्या कंदाचा फुफू, मग पोट भरत आलं की तुकडा. आधी मटणाला हात घालतं ते हावरं पोर.

"आधी मटण? माझा भाऊ?"

"रोज. वाडगा ठेवून मी पाण्याला वळले की तुकडा गायब. विचारलं तर नुसती मान हलवायचा. बोलेल कसा? तोंड उघडलं की सापडला." अफियाचा आवाज बारीक झाला. "केंटे घाला, अंगठ्या घाला, माझं काही म्हणणं नाही. पण गाल सपाट केलात तर शनिवारी मी रडू कुणासाठी? त्या सरदाराला मी ओळखत नाही."

पोकुआ खुर्चीतून उठली. ती फ्लेक्सच्या जवळ गेली. तिथून नुसते रंगाचे ठिपके दिसले असणार, म्हणून मागे मागे सरकत माझ्या कपाटाला टेकली.

"हा गाल मी पाहिलाय," ती म्हणाली. "आईच्या रश्श्यातले तुकडे जायचे आणि मार मी खायचे. हा कोपऱ्यात बसून मान हलवायचा. घरात माझं नावच 'खादाड' पडलं होतं. तुकडे मी घेत नाही, हे आईला मरेपर्यंत खरं वाटलं नाही."

"मग करू सपाट?" मी विचारलं.

"हात लावून तर बघ! पुरावा आहे तो!"

शनिवारी मांडवाच्या तोंडाशी, रीतीप्रमाणे, येणाऱ्यांकडे तोंड करून क्वाकू उभा केला होता. पोकुआ लाल-काळं नेसून आली, बघितलं, आणि भाच्यांना फ्लेक्स उचलायला लावून थेट अफियाच्या बाकासमोर, तिच्याकडे तोंड करून, नेऊन ठेवला.

"अगं, येणाऱ्या लोकांना काय दिसणार?" कुळातला एक म्हातारा ओरडला.

"मागची बाजू," पोकुआ म्हणाली आणि अफियाशेजारी बसली.

अफिया मग पोटभर रडली. मधूनच फ्लेक्सकडे बघून तिला हसू फुटायचं. पोकुआ तिला कोपरानं ढोसायची, "लोक बघतायत, बाई," आणि लगेच स्वतःच तोंडावर पदर धरायची.